ऑस्ट्रेलियाच्या गुहांतील ‘लांडगा’

ऑस्ट्रेलियाच्या भूमीवर खरा लांडगा कधीच नांदला नाही. तरीही तेथील चुनखडकाच्या गुहांत अशा कवट्या सापडतात, ज्या प्रथमदर्शनी लांडग्याच्याच वाटाव्यात. त्या आहेत थायलासिनच्या. कांगारूप्रमाणे पिल्लांना पोटावरच्या पिशवीत वाढवणारा, पाठीवर गडद पट्टे असलेला हा शिकारी प्राणी. त्याचे आणि लांडग्याचे पूर्वज सुमारे १६ कोटी वर्षांपूर्वीच विभक्त झाले. परंतु सारख्या जीवनक्रमामुळे दोघांच्या कवट्यांना सारखी घडण आली. भेद कळतो तो दातांवरून आणि टाळूवरून. लांडग्याला ४२ दात असतात, थायलासिनला ४६. शिवाय त्याच्या टाळूच्या हाडात दोन ठळक छिद्रे असतात.

दक्षिणेकडील नलारबॉर या वृक्षहीन पठाराखाली अशा गुहांचे जाळे आहे. जमिनीवरील विवरांतून आत कोसळलेल्या प्राण्याला पुन्हा वर येता येत नसे, आणि आतील कोरड्या हवेमुळे मृतदेह कुजण्याऐवजी वाळत असे. १९६६ साली येथील एका गुहेत कातडी व केसांसह सुकलेले थायलासिनचे कलेवर मिळाले. कार्बन कालमापनानुसार ते साडेचार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे ठरले.

अशा अवशेषांच्या कालमापनातूनच मुख्य भूमीवरील थायलासिन सुमारे ३,२०० वर्षांपूर्वी नष्ट झाला, असा निष्कर्ष निघतो. नलारबॉरमधीलच मदुरा गुहेत सापडलेली डिंगो या रानकुत्र्याची हाडेही साधारण त्याच काळातील आहेत. म्हणून काही संशोधक डिंगोच्या स्पर्धेला दोष देतात. इतर काही वाढती मानवी वस्ती आणि बदलते हवामान यांकडे बोट दाखवतात.

टास्मानियात मात्र असा वाद संभवत नाही. समुद्राची पातळी वाढून हे बेट मुख्य भूमीपासून आधीच तुटले होते. डिंगो तेथे पोहोचलाच नाही आणि थायलासिन तगून राहिला. पुढे मेंढपाळांच्या तक्रारींवरून सरकारने १८८८ ते १९०९ या काळात प्रत्येक प्रौढ थायलासिनमागे एक पौंड इनाम दिले. अशी दोन हजारांहून अधिक इनामे वाटली गेली. कायद्याचे संरक्षण मिळाले ते जुलै १९३६ मध्ये. त्यानंतर दोनच महिन्यांनी, ७ सप्टेंबरला, होबार्टच्या प्राणिसंग्रहालयातील अखेरचा थायलासिन मरण पावला. १९९६ पासून ऑस्ट्रेलियात ही तारीख संकटग्रस्त प्रजातींचा राष्ट्रीय दिन म्हणून पाळली जाते.