अंगठ्याखालचा खटका

बदलापूरच्या शाळेतील प्रकरणातल्या आरोपीचा पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मृत्यू झाला, त्याला दोनच दिवस झाले होते. २५ सप्टेंबर २०२४ रोजी त्याच्या वडिलांची याचिका मुंबई उच्च न्यायालयात सुनावणीला आली. तळोजा तुरुंगातून ठाण्याकडे नेत असताना मुंब्रा बायपासजवळ त्याने सहायक पोलिस निरीक्षकाचे पिस्तूल हिसकावले, गोळ्या झाडल्या आणि मग दुसऱ्या अधिकाऱ्याने त्याच्यावर गोळी झाडली, असे पोलिसांचे म्हणणे होते. न्यायमूर्ती रेवती मोहिते-डेरे आणि न्यायमूर्ती पृथ्वीराज चव्हाण यांच्या खंडपीठाने त्या दिवशी कायद्याबरोबरच यंत्राचेही प्रश्न विचारले. पिस्तुलाचे लॉक उघडे होते का? ज्याने कधी पिस्तूल हाताळलेले नाही, त्याला ते असे चटकन चालवता येते का? रिव्हॉल्व्हरचे एक वेळ ठीक. पण पिस्तूल भरायला हातात जोर लागतो, हेही खंडपीठाने सुनावले.

दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांतून ‘लॉक’ हा शब्द घरोघरी पोचला. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरच्या लोकलमध्ये तर त्या आठवड्यात दुसरा विषय नसावा. पण हे लॉक म्हणजे नेमके काय, ते कुठे असते, कोणत्या बोटाने उघडते आणि ते उघडे आहे हे कळते कसे, याविषयी फारसे कोणी सांगितले नाही. आपल्या बोलण्यातल्या या एका शब्दाखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी दडलेल्या आहेत. त्या वेगळ्या केल्याशिवाय न्यायालयाने विचारलेल्या प्रश्नाचे वजन कळत नाही.

पिस्तुलाला कुलूप नसते. असतो तो खटका. गोळी उडण्यासाठी आधी ती मॅगझिनमधून नळीच्या मागच्या तोंडाशी, म्हणजे चेंबरमध्ये, यावी लागते. त्यासाठी वरची पोलादी स्लाइड मागे ओढून सोडतात. आत दणकट स्प्रिंग असते, म्हणून जोर लागतो. याच ओढण्याने मागचा छोटा हातोडा मागे जाऊन अडकतो. मराठीत त्याला घोडा म्हणतात. (मुंबईच्या गुन्हेगारी बोलीत अख्ख्या पिस्तुलालाच घोडा म्हणतात. भाग संपूर्णावर स्वार झाला म्हणायचे!) घोडा चढला की चाप किंचित ओढला तरी तो सुटतो, सुईवर आपटतो आणि गोळी जाते. म्हणजे पिस्तूल हाती आल्यावर तीन प्रश्न पडायला हवेत. चेंबरमध्ये गोळी आहे का? घोडा चढलेला आहे की उतरलेला? आणि चाप किंवा घोडा अडवून धरणारा सुरक्षा-खटका वर आहे की खाली? ‘लॉक उघडे होते का’ हा यांतला फक्त तिसरा प्रश्न. पहिल्या दोहोंची उत्तरे हाती नसतील तर तिसऱ्याच्या उत्तराने काहीच ठरत नाही.

आता खरा पेच पुढेच आहे. गोळी चेंबरमध्ये आहे, घोडा चढलेला आहे, पण प्रसंग टळला. गर्दी पांगली, किंवा संशयित शरण आला. आता हे पिस्तूल पुन्हा कमरेच्या खोबणीत ठेवायचे. चढलेला घोडा उतरवायचा कसा?

आपल्या लष्कराने आणि पोलिसांनी दीर्घकाळ वापरलेले ९ मि.मी. पिस्तूल, ज्याचे सरकारी नाव ‘पिस्तूल ऑटो ९ मि.मी. १ ए’, ते बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत तयार होते. त्याचा नमुना अमेरिकेच्या जॉन ब्राउनिंगचा. तो १९२६ मध्ये वारला आणि बेल्जियमच्या कारखान्यात द्यूदॉने सेव्ह याने ते काम पुरे केले. १९३५ मध्ये पिस्तूल बाजारात आले. दुसऱ्या महायुद्धात कॅनडातल्या टोरांटोच्या इंग्लिस कंपनीने ते बनवले आणि आपले पिस्तूल त्या कॅनडाच्या वाणावर बेतलेले. तेरा गोळ्यांचे मॅगझिन, मजबूत बांधा, दशकानुदशके टिकणारे यंत्र. त्याच्या गुणांबद्दल वाद नाही. पण त्यात घोडा उतरवण्यासाठी वेगळी कळ नाही. सुरक्षा-खटका डाव्या बाजूला, मुठीच्या वर, अंगठ्याच्या टप्प्यात असतो, पण तो लहान आहे. घोडा उतरवायचा तर अंगठ्याने घोडा घट्ट धरायचा, चाप ओढायचा आणि घोडा हळूहळू पुढे सोडायचा. म्हणजे गोळी उडू नये म्हणून नेमकी तीच क्रिया करायची, जिने ती उडते! हात घामेजलेला असेल, रात्र असेल, अंगठा निसटला, तर संपलेच.

हे जर्मन यंत्रकारांच्या लक्षात आले ते १९३० च्या सुमारास. वॉल्थर कंपनीच्या पीपी पिस्तुलात (१९२९) खटका खाली दाबला की घोडा आपोआप सुरक्षितपणे पुढे पडे. मध्ये पोलाद आडवे येई, म्हणून सुईवर आघात होत नसे. यालाच इंग्रजीत ‘डीकॉकिंग’ म्हणतात. आपण ‘घोडा उतरवणे’ म्हणू. १९३८ साली झाउअर कंपनीने आपल्या पिस्तुलाच्या डाव्या बाजूला, चापाच्या मागे एक वेगळीच कळ बसवली. अंगठ्याने ती दाबली की चढलेला घोडा खाली येई, आणि हवा असेल तेव्हा परत चढेही. पुढे याच घराण्यातून सिग-झाउअरची पिस्तुले आली. १९७५ मध्ये स्विस लष्कराने घेतलेल्या पी-२२० या पिस्तुलावर अंगठ्याने खाली दाबायची कळ जवळजवळ त्याच जागी आहे.

एकच काम, पण खटक्याची जागा वेगळी. या जागेने माणसाच्या सवयीच बदलल्या. इटलीच्या बेरेटा ९२ मध्ये पुढे सुरक्षा-खटका आणि घोडा उतरवणे हे एकत्र करून स्लाइडच्या मागच्या टोकाला, दोन्ही बाजूंना बसवले. १९८५ मध्ये अमेरिकी लष्कराने हेच पिस्तूल एम-९ म्हणून घेतले. त्याचा खटका खाली असला की सुरक्षित, वर ढकलला की मोकळा. पकड घेतलेल्या हाताचा अंगठा मात्र नैसर्गिकपणे खालीच दाबतो. वर ढकलायचा म्हणजे पकड थोडी सोडावी लागते. शिवाय स्लाइड ओढताना तळवा खटक्यावर पडून तो नकळत खाली येऊ शकतो. मग जवान चाप ओढतो, आणि काही होत नाही. संकटाच्या क्षणी ‘काही न होणे’ किती महाग पडते ते सांगायला नको. फ्रान्सच्या जेंदार्मरीने म्हणूनच याचा असा प्रकार घेतला, ज्याचा खटका घोडा उतरवतो आणि लगेच परत जागेवर येतो. तो सुरक्षित स्थितीत अडकत नाही. २०१७ मध्ये अमेरिकी लष्कराने बेरेटाच्या जागी सिगचे जे पिस्तूल निवडले, त्यात तर सुरक्षा-खटका खालच्या सांगाड्यावर, दोन्ही बाजूंना आहे. घोडाच बाहेर नाही, म्हणून उतरवायचेही काही नाही.

घरच्या गोष्टीने सांगायचे तर गॅसचा नॉब घ्या. अनेक शेगड्यांचा नॉब नुसता फिरवून चालत नाही. आधी आत दाबावा लागतो. लहान मुलाचा हात चुकून लागला तर गॅस सुटू नये म्हणून ती योजना. पण रोज स्वयंपाक करणाऱ्याला तो विचार न करता फिरवता आला पाहिजे. दोन्ही साधायचे म्हणजे नॉब कुठे आणि कसा असावा हे ठरवणारा माणूस स्वयंपाकघरात उभा राहिलेला हवा. पिस्तुलाचेही तसेच, फरक इतकाच की इथे चूक दुरुस्त करायला वेळ मिळत नाही.

आणि पिस्तुले बेतली ती बहुधा उजव्या हाताच्या, मोठ्या पंजाच्या पुरुषासाठी. सिगची ती डावी कळ डावखुऱ्या माणसाला चापाच्या बोटाने चाचपावी लागते, म्हणजे जे बोट चापापासून दूर हवे तेच त्याच्या आसपास नाचवायचे. जर्मनीच्या हेकलर अँड कॉख कंपनीने १९९३ मध्ये आणलेल्या यूएसपीमध्ये कळ उजवीकडेही बसवता येते, ही सोय त्यातूनच आली. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत महिलांना ३० टक्के आरक्षण आहे, पोलिसांतही. महिला शिपायाचा पंजा लहान असेल, तर जाड मुठीच्या पिस्तुलावर अंगठा खटक्यापर्यंत पोचण्यासाठी तिला पकड फिरवावी लागते. आपल्याकडे हा प्रश्न खरेदीच्या वेळी किती विचारला जातो? गंमत म्हणजे खेळात तो पुरेपूर विचारला जातो. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत ज्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले, तिथे चाप ओढण्याचा भार किमान १,००० ग्रॅम हवा, असा नियम आहे आणि मूठ खेळाडूच्या हाताच्या मापाने कोरून घेता येते. पदकासाठी हाताचे माप आणि बंदोबस्तासाठी मात्र मापच नाही!

घोडा उतरवण्याची सोय असलेल्या पिस्तुलात आणखी एक गोष्ट असते. उतरलेल्या घोड्यानंतरचा पहिला चाप जड असतो, साडेचार किलोच्या आसपास. पिठाची भरलेली पिशवी एका बोटाने उचलावी तसा. पुढचे चाप निम्म्याहून हलके. हा जडपणा मुद्दाम ठेवलेला आहे. घाबरलेल्या माणसाचे बोट नकळत आवळते, त्याला हा भार आड येतो. ऑस्ट्रियाच्या ग्लॉकने १९८२ मध्ये तिथल्या लष्करात प्रवेश मिळवला, तेव्हा हे सगळेच बाजूला ठेवले. बाहेर घोडा नाही, अंगठ्याचा खटका नाही. चापावरच एक छोटी जीभ, ती दाबली तरच चाप हलतो. आपल्याकडच्या विशेष पथकांच्या हाती ही पिस्तुले आता आहेत. तिथे ‘लॉक उघडे होते का’ हा प्रश्न सरळसरळ गैरलागू ठरतो. लॉक म्हणून बाहेर काही नाहीच. उरतो तो फक्त चेंबरमध्ये गोळी होती का, हा प्रश्न. म्हणून एखाद्या पिस्तुलाच्या प्रकरणात आधी त्याचा प्रकार सांगा, मग खटक्याचे बोला, असे म्हणायला हवे.

बदलापूर प्रकरणात न्यायदंडाधिकाऱ्यांचा चौकशी अहवाल जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयापुढे आला. त्यात पाच पोलिसांना जबाबदार धरले होते आणि केलेला बळाचा वापर समर्थनीय नसल्याचा निष्कर्ष होता. त्यापुढचे काम कायद्याचे. परंतु न्यायालयाने तेव्हा यंत्राकडे बोट दाखवले ते महत्त्वाचे. पिस्तुलाची स्लाइड ओढलेली होती का, घोडा चढलेला होता का, खटका कोणत्या स्थितीत होता, याची उत्तरे माणसांच्या जबान्यांपेक्षा शस्त्रावर आणि काडतुसांवर अधिक खरी लिहिलेली असतात. शिवाय प्रत्येक खटका दोन्ही हातांना सारखाच वश असतो. मालकाच्या अंगठ्याला जी सोय, तीच हिसकावणाऱ्याला. फक्त त्याला ती कुठे आहे हे ठाऊक असले पाहिजे.

याच परिसरात त्याआधी सात महिने पिस्तुलाने वेगळे रूप दाखवले होते. २ फेब्रुवारी २०२४ च्या रात्री उल्हासनगरच्या हिललाइन पोलिस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकाच्या दालनात, तत्कालीन आमदार गणपत गायकवाड यांनी शिवसेनेचे महेश गायकवाड यांच्यावर गोळ्या झाडल्याचा आरोप आहे. जमिनीचा वाद होता. दालनातल्या कॅमेऱ्याची दृश्ये सगळ्या महाराष्ट्राने पाहिली. महेश गायकवाड जखमी होऊन वाचले. अशा वेळी कुठल्याही खटक्याचा उपयोग नसतो, हे मान्यच करावे लागते. खटका अनवधानाला आवर घालतो, इराद्याला नाही.

पण अनवधानाची संख्याही काही थोडी नाही. १ ऑक्टोबर २०२४ ला अभिनेता गोविंदाच्या जुहूच्या घरी, कपाटात ठेवताना त्याचे परवानाधारी रिव्हॉल्व्हर हातून निसटले आणि गोळी त्याच्याच पायात घुसली. रिव्हॉल्व्हरला बहुधा असा बाहेरचा खटका नसतोच. जुन्या बनावटीत तर पडल्यावर घोड्याला अडवणारा आतला आडवा तुकडाही नसू शकतो. ज्यांच्या घरी आजोबांच्या वेळचे असे शस्त्र आहे, त्यांनी एकदा जाणकाराकडून ते तपासून घ्यावे आणि भरलेले तर मुळीच ठेवू नये.

२०१४ मध्ये कानपूरच्या आयुध कारखान्याने महिलांसाठी म्हणून ‘निर्भीक’ नावाचे .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर काढले. वजन सुमारे पाचशे ग्रॅम, किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या घरात. पर्समध्ये मावेल, हे कौतुकाने सांगितले गेले. चाप किती जड आहे, छोट्या हाताला तो पुरा ओढता येतो का, याची चर्चा मात्र झालेली आठवत नाही.

अंबरनाथकरांना यातले निम्मे यंत्रशास्त्र सांगायची गरज नाही. तिथल्या आयुध निर्माणीतली कुटुंबे काडतुसांसाठी लागणाऱ्या तांब्या-पितळेबरोबर मोठी झाली. धातूत शंभरांश मिलिमीटरचा फरक म्हणजे काय, हे त्या घरांत जेवताना बोलले गेले आहे. शेजारीच मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी. पितळेच्या पट्टीची जाडी मोजायला इतकी माणसे आहेत, तर अंगठा आणि खटका यांतले अंतर मोजायला का नसावीत?

परवाना घेणाऱ्याला शस्त्र सुरक्षित हाताळण्याचे प्रशिक्षण असावे, अशी तरतूद २०१६ च्या शस्त्र नियमांत आहे. ते प्रशिक्षण केवळ प्रमाणपत्रापुरते न राहता हाती येणाऱ्या त्याच नमुन्यावर, अंधारात, धावून दम लागल्यावर, दोन्ही हातांनी घोडा उतरवून घ्यावे. पोलिसांच्या बाबतीत तर वर्षातून एकदा निशाणीवर चार गोळ्या झाडणे पुरेसे नाही. नव्या पिस्तुलांची निविदा काढण्याआधी नमुने एखाद्या महिला हवालदाराच्या, एखाद्या डावखुऱ्या शिपायाच्या हाती द्यावेत, आणि अंगठा खटक्यापर्यंत पोचतो का, ते पाहावे. त्याला फार वेळ लागत नाही. एका दुपारचे काम आहे.