माशात कीड निघाली म्हणजे नदी बिघडली?

मरळ साफ करताना कधी कधी मांसात ज्वारीच्या दाण्याएवढे पिवळे गोळे हाताला लागतात. ‘घाण पाण्यातला दिसतोय’ म्हणत मासा फेकला जातो. हे गोळे म्हणजे क्लिनोस्टोमम या चपट्या कृमीच्या अळ्या. ही कृमी आधी गोगलगायीत वाढते, मग माशात शिरते आणि तो मासा बगळ्याने गिळला की त्याच्या घशात प्रौढ होते. गोगलगाय, मासा, बगळा यांतला एक जरी नाहीसा झाला तरी तिचा वंश खुंटतो. म्हणून ती सापडली तर नदीचा गोतावळा अजून शाबूत असण्याचीच शक्यता जास्त. विषारी सांडपाण्याने गोगलगायी मेल्या, तर मासे उलट ‘स्वच्छ’ निघतील! नीट शिजवल्यावर ही अळी मरते. कच्चा मासा खाणाऱ्यांनी मात्र जपावे.

परजीवी यजमानाला मारतोच, हा दुसरा गैरसमज. पिढ्यान्‌पिढ्या एकत्र राहिलेल्यांचे बहुधा कसेबसे जमलेले असते. घात होतो तो परजीवी परमुलखात पोचला की. जायरोडॅक्टायलस सॅलेरिस हा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा कृमी 1970च्या दशकात स्वीडनहून आणलेल्या मत्स्यबीजाबरोबर नॉर्वेत आला. बाल्टिक समुद्राकडचे काही सॅमन त्याला दाद देत नाहीत, पण नॉर्वेच्या सॅमनला ती प्रतिकारशक्तीच नव्हती. सुमारे 50 नद्यांत तो पसरला आणि सॅमनची पिल्ले झपाट्याने घटली.

मग औषध टाकायचे, की झाले? इतके सोपे नाही. हा कृमी थेट पिल्लू जन्माला घालतो आणि त्या पिल्लाच्या पोटात पुढची पिढी आधीच वाढत असते, त्यामुळे एक कृमी उरला तरी पुरतो. शेवटी नॉर्वेने अनेक नद्यांत रोटेनोन हे विष सोडून त्यातले सगळेच मासे मारले. स्थानिक सॅमनचा वंश त्याआधी जनुकपेढीत जपला होता, तो नंतर नदीत सोडला. इलाज इतका महाग, म्हणून एका नदीतून दुसरीकडे जाताना जाळी, गळ, बूट पूर्ण वाळवा किंवा निर्जंतुक करा, असा तिथे दंडक आहे. आपल्याकडेही रोहू-कटल्याच्या बीजाबरोबर माशांच्या उवा एका तळ्यातून दुसऱ्यात जातात. बीज सोडण्याआधी काही दिवस वेगळे ठेवून तपासणे हे म्हणूनच कटकटीचे असले तरी स्वस्तातले काम.

साथीचा सगळा दोष परजीवीच्या माथी मारणेही चूक. ऑगस्ट 2016 मध्ये अमेरिकेतल्या माँटाना राज्यात यलोस्टोन नदीत माउंटन व्हाइटफिश हजारोंनी मेले. मूत्रपिंडाला सूज आणणारा सूक्ष्म परजीवी होताच, पण त्या उन्हाळ्यात पाणीही कमी आणि कोमट होते. राज्याने नदीचा 183 मैलांचा, म्हणजे सुमारे 295 किलोमीटरचा पट्टा मासेमारीलाच नव्हे, तर नौकांना आणि पोहणाऱ्यांनाही बंद केला. रोग पसरू नये आणि आधीच त्रासलेल्या माशांवर आणखी ताण येऊ नये, हे दोन्ही त्यामागे होते. स्थानिक व्यवसायांना भर हंगामात फटका बसला; नदी काही आठवड्यांनी टप्प्याटप्प्याने खुली झाली.