प्रोपेलर सगळ्यात शेवटी

नाशिककरांना विमानाचं अप्रूप सांगायला नको. १९६४ पासून ओझरला एचएएलचा कारखाना आहे. मिग तिथं बनली, सुखोई तिथं तयार झाली. आपण आज बोलणार आहोत ते हातात मावणाऱ्या, बॅटरीवरच्या विमानाबद्दल. त्यातही उडवण्याबद्दल नाही, तर घरी टेबलावर त्याचे कंट्रोल लावण्याबद्दल.

पहिलं काम, पाना घ्या आणि प्रोपेलर काढून ठेवा. यावर मुलं हमखास म्हणतात, "सर, मोटर तर एवढीशी आहे!" पण हिशेब करा. १० इंची प्रोपेलर मिनिटाला ८००० फेरे फिरला, तर त्याच्या टोकाचा वेग ताशी ३८० किलोमीटरच्या घरात जातो. शिवाय इंजिन निदान आवाज तरी करतं. ही मोटर बॅटरी जोडली की गपचूप तयार बसलेली असते. बोट मध्ये आलं तर थांबत नाही. अडली की उलट जास्त करंट ओढते आणि जोर लावत राहते. टेबलावर रिमोट ठेवलाय, कुणाचा कोपर थ्रॉटलच्या स्टिकला लागला, एवढं पुरतं.

आता क्रम. थ्रॉटल पूर्ण खाली, मग रिमोट चालू, स्क्रीनवर याच विमानाचं नाव आहे ना ते बघायचं, आणि मग बॅटरी. बंद करताना आधी बॅटरी, नंतर रिमोट. थ्रॉटलची दिशाही तपासा. फुताबाच्या रिमोटवर तो चॅनल बहुधा रिव्हर्स करावा लागतो. ते राहिलं, तर स्टिक खाली म्हणजे फुल पॉवर!

मग विमानाच्या मागं उभे राहा. पुढून बघितलं की डावं-उजवं हमखास चुकतं. स्टिक उजवीकडे नेली की उजवं एलिरॉन वर यायला हवं. स्टिक आपल्याकडे ओढली की एलेव्हेटर वर. सर्व्हो हलतोय, म्हणजे झालं, असं समजू नका. एकदा दुरुस्तीनंतर मी घाईत एवढंच बघितलं होतं. एलिरॉन उलटे होते. विमान हातातून सुटल्यावर मी सावरायला जाईन तसं ते आणखी कलंडत गेलं. सगळा खेळ तीन-चार सेकंदांचा.

राहिला फेलसेफ, आणि हाच बरेचजण तपासत नाहीत. प्रोपेलर काढलेलाच असू द्या, मोटर हळू फिरवा आणि मुद्दाम रिमोट बंद करा. मोटर थांबली पाहिजे. काही रिसीव्हर सिग्नल तुटला की शेवटची स्थिती तशीच धरून ठेवतात. म्हणजे विमान चालू मोटरनिशी निघून जाणार. आपल्याकडे ओझरचा विमानतळ, गांधीनगरला लष्कराचा तळ, देवळालीला तोफखाना. म्हणून डिजिटल स्कायच्या नकाशावर लाल-पिवळा भाग बघूनच मैदान निवडा.

प्रोपेलर लावायचा तो तिथं, मैदानावर. त्यानंतर बॅटरी जोडताना एकानं विमान मागून घट्ट धरायचं, आणि प्रोपेलरच्या समोर किंवा त्याच्या रेषेत कुणीही उभं राहायचं नाही.