औंधचे स्वराज्य: १९३८ ते १९४८

रेल्वेने औंधला जायचे तर रहिमतपूरला उतरायचे, ही या भागातली जुनी रीत. रहिमतपूर इंग्रजी अमलातल्या सातारा जिल्ह्यात, तर औंध पंतप्रतिनिधींच्या संस्थानात. या ७२ गावांच्या संस्थानाचा मुलूखही सलग नव्हता. औंध एकीकडे, कुंडल दुसरीकडे, आटपाडी दुष्काळी माणदेशात आणि गुणदाळ तर पार विजापूरकडे. सैन्य नाही, खजिना बेताचा. अशा ठिकाणी लोकशाही टिकेल, असे तेव्हा कोणी पैजेवर सांगितले नसते.

खरे तर टिकायला हवी होती ती जर्मनीची लोकशाही. १९१९ साली वायमार शहरात तिथल्या शहाण्या माणसांनी घटना लिहिली. स्त्रियांना मताचा हक्क मिळाला, कामगारांना संरक्षण मिळाले. पण न्यायाधीश, अधिकारी, सेनापती बहुतेक जुन्या सम्राटाच्या, कैसरच्याच काळातले राहिले आणि त्यांतल्या अनेकांनी प्रजासत्ताक मनापासून कधी स्वीकारलेच नाही. १९२३ मध्ये चलनाची माती झाली. पुढे परराष्ट्रमंत्री स्ट्रेसेमानच्या काळात चार-पाच वर्षे घडी बसली, तोवर १९२९ ची मंदी आली. चौदा वर्षांत वीसेक मंत्रिमंडळे झाली. १९३० पासून घटनेच्या ४८ व्या कलमाच्या आधारे राष्ट्राध्यक्षांच्या वटहुकमांवर कारभार चालला. म्हणजे हिटलर येण्याआधीच संसद बाजूला पडली होती. जानेवारी १९३३ मध्ये तो चॅन्सेलर झाला आणि मार्चमध्ये संसदेने स्वतःचे अधिकार त्याच्या हाती दिले.

नोव्हेंबर १९३८ मध्ये जर्मनीत ज्यूंची प्रार्थनामंदिरे जाळली गेली. त्याच महिन्यात औंधच्या राजांनी प्रजेला सत्ता देण्याची घोषणा केली, आणि ती लिहायला हात लावणारा माणूस होता मॉरिस फ्रीडमन, वॉर्सात जन्मलेला ज्यू इंजिनिअर. हे आठवले की आजही मन भरून येते. राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी म्हणजे सूर्यनमस्काराचे प्रचारक आणि चित्रकार. मुलगा अप्पासाहेब नुकताच विलायतेतून शिकून परतलेला. हे लोक गांधीजींकडे गेले, त्यांच्या सल्ल्याने मसुदा झाला आणि २१ जानेवारी १९३९ रोजी औंधची स्वराज्य-घटना अमलात आली.

तिची मांडणी खालून वर जाणारी होती. गावाने पाच पंच निवडायचे, पंचायतींतून तालुका समिती आणि तिच्यातून विधिमंडळ. तंटे शक्यतो गावातच मिटवायचे. आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरला तर कैद्यांची वसाहत भिंतीविना उभी राहिली. कैदी शेती करत, बायकामुलांसह राहत. शांताराम बापूंच्या ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटाने पुढे १९५७ साली ती देशाला दाखवली. माणसावर इतका विश्वास टाकणारे राज्य त्या दशकात जगात फार ठिकाणी नव्हते.

एवढे कौतुक करूनही एक गोष्ट मान्य केली पाहिजे. औंधची सत्ता राजाने आपण होऊन सोडली होती, आणि डोक्यावर इंग्रज होते. बर्लिनसारखी बेकारी, रस्त्यावरच्या निमलष्करी टोळ्या तिच्या वाट्याला आल्या नाहीत. पण परीक्षा झालीच नाही असेही नाही. १९४३ नंतर इंग्रजांविरुद्ध उभ्या राहिलेल्या सातारच्या प्रतिसरकारने कुंडल हे मोठे केंद्र केले आणि औंधच्या हद्दीत भूमिगतांना आसरा मिळाला. इंग्रजांचा रोष पत्करून हे झाले. माझ्या मते औंधच्या घटनेची खरी ताकद इथे दिसली: गावकऱ्यांना ती आपली वाटत होती. वायमारच्या घटनेला १९३३ मध्ये अशी माणसे पुरेशी मिळाली नाहीत.

८ मार्च १९४८ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि प्रयोग थांबला. स्थानिक लोकांच्या हाती कारभार देणाऱ्या जिल्हा परिषदा महाराष्ट्रात आल्या त्या पुढे १ मे १९६२ ला, मुख्यमंत्री होते सातारा जिल्ह्याचेच यशवंतराव चव्हाण. आज औंधला लोक यमाईच्या दर्शनाला आणि भवानी संग्रहालय पाहायला जातात. जरूर जावे. पण आपल्या ग्रामसभेत बसणाऱ्यांनी औंधची ती १९३९ ची घटनाही एकदा मिळवून वाचावी.