वारशातलं रिव्हॉल्व्हर ओळखायचं कसं?

माझ्या रूम पार्टनरच्या घरी आजोबांच्या मागे एक जुनं रिव्हॉल्व्हर राहिलं. लायसन आजोबांच्या नावावर होतं, आजोबा गेले, हत्यार कपाटातच. "अँटिक आहे, त्याला कसलं आलंय लायसन!" असं घरच्यांचं मत. आम्ही दोघं तेव्हा कागल पंचतारांकित एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये ट्रेनिंगला होतो. वस्तू घरीच, आमच्याकडे नुसते फोटो. (गेटमधून रिव्हॉल्व्हर न्यायचं डोकं कुणी चालवू नये!)

पहिला प्रश्न, ते उघडतं कसं? आमच्या फोटोतलं मधोमध मोडणारं होतं. खिट्टी दाबली की नळी खाली वाकते आणि चांदणीसारखा एक्स्ट्रॅक्टर सहाही काडतुसं एकदम उचलतो. ही वेब्लीची ठेवण, पण एन्फिल्डचीही तशीच, म्हणून शिक्के वाचायचे. बॉडीवर 'वेब्ली मार्क ६' आणि १९१७ निघालं. हे मॉडेल १९१५ साली ब्रिटिश फौजेत आलं. बाणाचं चिन्ह म्हणजे सरकारी माल. मुकुटाचे छोटे शिक्के प्रूफ हाऊसचे. तिथे नेहमीपेक्षा जास्त दाबाचं काडतूस उडवून नळी तपासतात, आपल्याकडे पंपाच्या बॉडीची प्रेशर टेस्ट होते ना, तसंच. बर्मिंगहॅमचं प्रूफ हाऊस १८१३ च्या कायद्याने सुरू झालं. लंबगोलात 'ईएलजी' दिसलं तर माल बेल्जियमच्या लिएजचा. म्हणून पॉलिश पेपर, बफ अजिबात नको. शिक्के गेले की ओळख गेली.

व्हर्नियरवर फार विसंबू नये. मार्क ६ चा बोअर .४५५ इंच, म्हणजे ११.५६ मिमी, पण नळीत आटे असतात, त्यामुळे तोंडाशी माप कमी भरतं.

आता खरी गोची. घोड्याचं टोक मोडलेलं होतं. डब्याच्या सुट्टीत फोटो बघून एक टर्नर म्हणाला, "आण की भावा, अर्ध्या तासात टोक बसवून देतो." बोलला खरं तेच, आणि तिथेच घरच्यांचा मुद्दा संपला. शस्त्र कायदा १९५९, कलम ४५ (क): जुन्या धाटणीचं, पुराणवस्तू म्हणून मोलाचं किंवा नादुरुस्त हत्यार सुटतं, पण दुरुस्ती करूनही चालणार नाही असं असेल तरच. नुसतं वय पुरत नाही. अर्ध्या तासात चालू होणारं हत्यार नादुरुस्त कसलं? शिवाय परवान्याशिवाय दुरुस्ती करणं हा कलम ५ खाली गुन्हा. म्हणजे टर्नरही आत, आपणही आत.

अशा वेळी कलम २१ प्रमाणे हत्यार विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात जमा करायचं. वारसाला परवाना मिळाला की परत मागता येतं. बोअर प्रतिबंधित गटातला निघाला तर तो परवाना गृह मंत्रालयाकडून येतो, म्हणून ओळख आधी पटलेली बरी. २०१९ च्या दुरुस्तीनंतर वारशाची धरूनही माणशी दोनच हत्यारं.

पार्टनरच्या काकांनी ठाण्यात फोन केला, आजोबांचं लायसन आणि मृत्यूचा दाखला दाखवला, हत्यार जमा केलं. पावतीवर बॉडीचा नंबर नीट तपासून घेतला. अर्ज सध्या कोल्हापूरला जिल्हाधिकारी कार्यालयात आहे.