पावसातला पी.टी.चा तास

दिघीच्या जेट्टीवरून राजपुरीच्या खाडीपलीकडचा आगरदांडा दिसतो. जूनच्या मध्यावर शाळा उघडतात तेव्हा मात्र पावसाच्या पडद्यात तोही दिसेनासा होतो. श्रीवर्धन तालुक्याच्या या टोकाला शारीरिक शिक्षणाचा नवा शिक्षक रुजू झाला, तर मैदान आखायला शिकून आलेल्या त्या माणसाला सप्टेंबरअखेरपर्यंत फक्कीची एक रेघ टिकवता येणार नाही.

असे शिक्षक घडवण्याची आपली परंपरा जुनी आहे. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं; १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याच्या पथकाने तिथे देशी खेळ दाखवले. कांदिवलीची सरकारी प्रशिक्षण संस्था १९३८ ची, पुण्याचं आगाशे महाविद्यालय १९७७ चं. २०१४ च्या नियमांनी बी.पी.एड. दोन वर्षांचं झालं आणि सराव पाठांना अवधी मिळाला. माझा आग्रह एवढाच, की त्यांतले काही पाठ कोकणात, भर पावसात व्हावेत. पडवीत चाळीस मुलांना सूर्यनमस्कार घालायला लावताना दोन रांगांत किती अंतर ठेवायचं, हे टाचणावरून उमगत नाही.

आखणीचंच घ्या. मुलींचं कबड्डीचं मैदान १२ बाय ८ मीटर. कोपऱ्यापासून एका बाजूवर ३ मीटर, दुसरीवर ४ मीटर मोजायचे. दोन खुणांमधलं अंतर ५ मीटर भरलं की काटकोन साधला. मग दोन्ही कर्ण ताणायचे, प्रत्येकी १४ मीटर ४२ सेंटिमीटर. दोरी मुलींच्याच हातात द्यावी. पायथागोरस तिथेच कळतो. पण त्याआधी जमीन बघायला हवी. जांभ्याच्या खड्यांवर पकड करताना गुडघे सोलून निघतात. चाळलेली माती पसरल्याशिवाय तिथे खेळ घेऊच नये, असं मला ठामपणे वाटतं.

शिक्षण हक्क कायद्यानुसार सहावी ते आठवीत शंभरांहून जास्त मुलं असतील तरच शारीरिक शिक्षणासाठी अर्धवेळ निदेशक मिळतो. लहान गावांत पट तिथवर पोचत नाही. मग हा तास गणिताच्या किंवा मराठीच्या बाईंकडे जातो. त्यांनाही हे प्रशिक्षण द्यायला हवं, निदान सुट्टीतल्या छोट्या वर्गात.

आणि किनाऱ्यावर आणखी एक मैदान आहे. पाऊस सरला की दिवेआगरला ओहोटीची ओली, घट्ट वाळू कबड्डीला उत्तम. पडलं तरी लागत नाही. ते कधी मोकळं होणार हे कोळ्यांना तोंडपाठ असतं: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, म्हणजे दुपारी बाराला ओहोटी. पौर्णिमेला भरती दुपारी बाराच्या आसपास. उधाणाचं पाणी खूप आत हटतं ते संध्याकाळी सहाच्या सुमाराला, शाळा सुटल्यावर. नव्या शिक्षकाने वेळापत्रकाशेजारी पंचांग टांगावं आणि वाळूवर मैदान आखायला एखाद्या कोळ्याच्या पोरालाच पुढे करावं.