बॅकहो जोडअवजार (लहान ट्रॅक्टर)

बॅकहो जोडअवजार हे लहान ट्रॅक्टरच्या मागील बाजूस बसवले जाणारे, हायड्रॉलिक दाबावर चालणारे खोदकामाचे अवजार आहे. बूम, डिपर आणि बकेट या एकमेकांस सांध्यांनी जोडलेल्या तीन भागांच्या साहाय्याने ते माती चालकाच्या दिशेने ओढून उचलते. पाण्याच्या नळांचे चर, फळझाडांचे खड्डे, जुने बुंधे उपटणे, कुंपणाच्या पायाची खोदाई अशा कामांसाठी त्याचा उपयोग होतो. अमेरिका आणि कॅनडा येथील लहान शेते व ग्रामीण घरांच्या आवारात हे अवजार विशेष प्रचलित आहे. महाराष्ट्रात याच कामांसाठी बहुधा स्वतंत्र बॅकहो लोडर तासाच्या भाड्याने बोलावला जातो आणि तो कोणत्याही कंपनीचा असला तरी त्याला 'जेसीबी' असेच म्हटले जाते.

नाव आणि इतिहास

'बॅकहो' या नावातील 'बॅक' म्हणजे ट्रॅक्टरची मागील बाजू, असा समज सर्वत्र आढळतो. तो बरोबर नाही. तो शब्द बकेटच्या ओढण्याच्या दिशेस उद्देशून आहे. मराठी वाचकास ही क्रिया फावड्यावरून सहज कळेल. फावडे मातीत रुतवून आपल्याकडे ओढावे लागते आणि बॅकहोची बकेटही तेच करते. ट्रॅक्टरच्या पुढील लोडर मात्र माती पुढे ढकलत भरून घेतो.

पूर्णतः हायड्रॉलिक आणि दोन्ही बाजूंस वळणारा बॅकहो अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील वेन-रॉय या कंपनीने १९४७ च्या सुमारास तयार केला. पुढील वर्षी तो फोर्ड ८एन या ट्रॅक्टरवर बसवून कनेटिकट राज्यातील एका वीज कंपनीस विकण्यात आला. फोर्ड ८एन हा पंचवीस अश्वशक्तीच्या आसपासचा शेती ट्रॅक्टर होता. आजच्या लहान ट्रॅक्टरांची ताकदही साधारण तेवढीच असते, त्यामुळे लहान ट्रॅक्टरवरील बॅकहो ही मोठ्या यंत्राची नंतर काढलेली छोटी आवृत्ती नसून अवजाराचे मूळ रूपच आहे. ब्रिटनमधील जेसीबी कंपनीने १९५३ मध्ये आपला बॅकहो लोडर बाजारात आणला. अमेरिकेतील केस कंपनीने १९५७ मध्ये कारखान्यातच एकसंध बांधलेले यंत्र आणले आणि त्यानंतर बांधकाम क्षेत्रातून काढता-घालता येणारे बॅकहो मागे पडले. शेतांवर ते टिकले. मुंबईत मुख्यालय असलेली महिंद्रा कंपनी १९९४ पासून अमेरिकेत ट्रॅक्टर विकते आणि तेथील तिच्या लहान ट्रॅक्टरांसाठीही बॅकहो उपलब्ध असतात.

जोडणीचा प्रकार

बॅकहो निवडताना ग्राहक प्रथम खोदाईची खोली पाहतो. वस्तुतः प्रथम पाहावयाची बाब म्हणजे अवजार ट्रॅक्टरला कसे जोडले जाते. याचे दोन प्रकार आहेत: ट्रॅक्टरच्या त्रिबिंदू जोडणीवर (थ्री-पॉइंट लिंकेज) टांगलेला बॅकहो आणि सबफ्रेमवर बसवलेला बॅकहो.

बहुतेक लहान ट्रॅक्टरांना मोटारगाडीसारखी स्वतंत्र चासी नसते. इंजिन, क्लचचे आवरण, गिअरबॉक्स आणि मागील आस ही बिडाची आवरणे एकमेकांस बोल्टने जोडलेली असतात व तीच ट्रॅक्टरचा कणा असतात. नांगर किंवा रोटाव्हेटर ओढताना या कण्यावर पडणारा ताण मुख्यतः सरळ रेषेत असतो. बॅकहो मात्र मोठा दगड उचकटताना लांब पहारेसारखे काम करतो आणि कण्यास वाकवू पाहतो. अवजार केवळ त्रिबिंदू जोडणीवर असेल, तर हा सर्व ताण मागील आवरणावर आणि वरच्या दुव्याच्या एका पिनेवर एकवटतो. आवरणास तडा जाणे किंवा बोल्ट तुटून ट्रॅक्टरचे दोन भाग होणे हे त्याचे टोकाचे परिणाम होत. अशी दुरुस्ती नव्या बॅकहोपेक्षाही महाग पडू शकते आणि अनेक उत्पादक तिला हमीतून वगळतात.

चालकाच्या जिवास असलेला धोका याहून गंभीर आहे. बहुतेक ट्रॅक्टरांच्या त्रिबिंदू जोडणीचे खालचे दोन दुवे हायड्रॉलिक शक्तीने फक्त वर उचलले जातात. खाली येतात ते केवळ वजनाने. म्हणजेच त्यांना वर सरकण्यास अडथळा नसतो. बकेट जमिनीवर जोराने दाबली गेली, तर संपूर्ण बॅकहो वर उचलला जाऊन ट्रॅक्टरच्या दिशेने दुमडू शकतो आणि त्याच्या आसनावर बसलेला चालक बॅकहो व ट्रॅक्टरची संरक्षक चौकट यांच्यामध्ये चेंगरला जाऊ शकतो. जोडणी जागच्या जागी जखडून ठेवणारे कडक दुवे वापरल्यास हा धोका कमी होतो, परंतु कण्यावरील ताण कायम राहतो.

सबफ्रेम ही ट्रॅक्टरच्या पोटाखालून मागील आसेपासून पुढील लोडरच्या आधारापर्यंत जाणारी पोलादी चौकट असते. बॅकहो तिच्यावर टेकतो आणि ताण ट्रॅक्टरच्या संपूर्ण लांबीवर वाटला जातो. तिचे तोटेही आहेत. ट्रॅक्टरखालील मोकळी उंची कमी होते, पोटाखाली बसणारे गवतकापणी यंत्र बऱ्याचदा काढावे लागते आणि खर्च वाढतो. सबफ्रेम प्रत्येक नमुन्यासाठी वेगळी असते. जुना बॅकहो स्वस्तात घेतला आणि आपल्या ट्रॅक्टरसाठी त्याची सबफ्रेमच मिळत नाही, असा अनुभव वापरलेली अवजारे घेणाऱ्यांना वरचेवर येतो.

हायड्रॉलिक पुरवठा

तेलाचा प्रवाह अवजाराची गती ठरवतो, तर दाब त्याची ताकद ठरवतो. लहान ट्रॅक्टरांत अवजारांसाठी साधारणपणे मिनिटाला २० ते ४० लिटर तेल मिळते. माहितीपत्रकात दिलेल्या एकूण प्रवाहात बऱ्याचदा सुकाणूच्या पंपाचा वाटाही धरलेला असतो. तो वजा करूनच बॅकहोच्या गरजेशी तुलना करावी लागते. प्रवाह अपुरा असल्यास यंत्र खोदते, पण संथपणे.

बहुतेक लहान ट्रॅक्टरांत तेल सतत फिरते ठेवणारी खुली हायड्रॉलिक रचना असते. लोडरच्या झडपेतून पुढे गेलेले तेल 'पॉवर बियाँड' या मार्गाने बॅकहोकडे जाते व तेथून ट्रॅक्टरकडे परत येते. बॅकहो उतरवल्यानंतर जाणारी आणि येणारी नळी एकमेकांस जोडून वर्तुळ पूर्ण करणे आवश्यक असते. ते विसरून इंजिन सुरू केल्यास तेलास वाट उरत नाही आणि पंप निकामी होण्याची शक्यता असते.

ज्या ट्रॅक्टरांत असा मार्ग नसतो, त्यांच्यासाठी पीटीओवर चालणारा वेगळा पंप आणि वेगळी तेलटाकी असलेले बॅकहो मिळतात. ते जवळपास कोणत्याही ट्रॅक्टरला चालतात, हेच त्यांचे आकर्षण. मात्र टाकी लहान असल्याने दीर्घकाळ काम केल्यास तेल तापते.

खोली, बकेट आणि माती

लहान ट्रॅक्टरांचे बॅकहो सुमारे ६ ते ९ फूट खोदतात, असे माहितीपत्रके सांगतात. हा आकडा बकेटच्या दातांनी एकदा गाठलेल्या सर्वांत खोल बिंदूचा असतो. तळ सपाट ठेवावयाचा असल्यास प्रत्यक्ष खोली काही इंचांनी कमी भरते, म्हणून काही उत्पादक २ फूट सपाट तळासाठीची खोली वेगळी देतात. खरेदीसाठी तोच आकडा अधिक उपयोगी होय.

बकेटची रुंदी ९ इंचांपासून २४ इंचांपर्यंत असते. नळांच्या चरासाठी ९ किंवा १२ इंच पुरेसे असतात. कठीण मुरमात अरुंद बकेट श्रेयस्कर, कारण तीच ताकद कमी दातांवर एकवटते. ओल्या काळ्या मातीत अडचण उलटी येते: माती खोदली जाते, पण अरुंद बकेटमध्ये चिकटून बसते आणि दर वेळी झटकावी लागते. कातळापुढे या आकाराच्या कोणत्याही बॅकहोचा निभाव लागत नाही. शिवाय ताकदीची मर्यादा पुष्कळदा सिलिंडरची नसून ट्रॅक्टरच्या वजनाची असते. आधारपाय टेकवूनही हलका ट्रॅक्टर चराकडे ओढला जातो; पुढील लोडरची बकेट जमिनीत दाबून ठेवल्यास तो काहीसा स्थिर राहतो.

विकत की भाड्याने

१०० मीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद आणि ९० सेंटिमीटर खोल चरातून २७ घनमीटर माती निघते. मोकळी झाल्यावर ती चतुर्थांशाने फुगली असे धरल्यास सुमारे ३४ घनमीटर माती उचलावी लागेल. बकेटमध्ये एका वेळी ०.०३ घनमीटर माती मावत असेल, तर सुमारे ११०० फेऱ्या होतात आणि एका फेरीस अर्धा मिनिट धरले तरी नऊ तासांहून अधिक वेळ लागतो. हेच काम भाड्याचा मोठा बॅकहो लोडर त्याच्या काही अंश वेळात उरकतो. त्यामुळे एकदाच करावयाच्या मोठ्या कामासाठी जोडअवजार घेणे किफायतशीर ठरत नाही. आज एक बुंधा, पुढच्या महिन्यात फुटलेला नळ, पावसाळ्यापूर्वी दोन चर अशी तुटक कामे वर्षभर निघत असतील, किंवा फळबागेच्या अरुंद ओळींत मोठे यंत्र शिरतच नसेल, तर हिशेब बदलतो. भारतातील १५ अश्वशक्तीच्या आसपासच्या बागायती ट्रॅक्टरांवर बॅकहो बसवण्याआधी उत्पादकाने त्या नमुन्यासाठी तशी परवानगी दिली आहे का, हे पाहणे अगत्याचे असते.

सुरक्षितता

जमिनीखालील वीजतारा, वायूच्या व दूरध्वनीच्या वाहिन्या तोडल्या जाणे हा बॅकहोचा नित्याचा अपघात आहे. अमेरिकेत खोदण्यापूर्वी ८११ या क्रमांकावर कळवण्याची व्यवस्था २००७ पासून देशभर आहे. भारतात मार्च २०२३ मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप याच हेतूने सुरू करण्यात आले.

चर यंत्राने खोदला तरी नळ जोडण्यासाठी माणसास त्यात उतरावे लागते. एक घनमीटर माती दीड टनाहून अधिक वजनाची असू शकते आणि भिंत ढासळते ती सूचना न देता. अमेरिकेतील कामगार सुरक्षा नियमांनुसार एकसंध कातळ नसल्यास ५ फूट किंवा त्याहून खोल चराच्या भिंतींना आधार देणे, त्या उतरत्या कापणे किंवा तत्सम संरक्षण करणे बंधनकारक आहे. उपसलेली माती चराच्या कडेपासून किमान २ फूट दूर टाकावी लागते. लहान बॅकहोची पोहोच मर्यादित असल्याने हे अंतर राखण्यासाठी बूम पूर्ण वळवून मग बकेट रिकामी करावी लागते.